इंदोरा : घर कोणाचे?

गावात आमची जागा वेशीबाहेर ठरलेली. 1877 साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे आमची माणसे कामगार झाली. घराचा प्रश्न मात्र सुटला नाही. नंतर मिलने इंदोऱ्याला सरकारकडून जमीन भाडेपट्ट्याने घेतली. कामगाराने कर्ज काढून घर बांधावे, हप्त्याहप्त्याने फेडावे, अशी योजना होती. वेशीबाहेरच्या माणसाला शहरात भिंती मिळाल्या, ही गोष्ट लहान नव्हे. पण ते घर परवडत होते, ते मजुरी चालू होती म्हणून. 2002 साली मिल बंद झाली. म्हणून घरांची गरज मोजताना नुसत्या खोल्या मोजू नयेत. मजुरी किती दिवसांची आणि पायाखालची जमीन कोणाच्या नावावर, हे आधी विचारावे.