ऑनलाइन वर्गातला आपलेपणा: गोष्ट २०२० पासून सुरू होत नाही

ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांमध्ये आपलेपणा कसा तयार होतो, यावर संशोधन करायचं तुमच्या मनात असेल, तर एक सांगतो. पार्श्वभूमीचं प्रकरण मार्च २०२० पासून सुरू करू नका. प्रश्न त्याहून खूप जुना आहे.

१८७३ मध्ये बॉस्टनला अ‍ॅना टिकनॉर यांनी घरी राहून शिकणाऱ्या स्त्रियांसाठी संस्था काढली. तिथे पुस्तकं तर पाठवायचेच, पण शिक्षिका आणि विद्यार्थिनी यांच्यात दर महिन्याला पत्रव्यवहारही चालायचा. १९७१ मध्ये ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ टीव्ही-रेडिओवरून शिकवू लागलं, तेव्हा सोबत स्थानिक शिक्षक, अभ्यासकेंद्रं आणि उन्हाळी निवासी वर्ग ठेवले होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्यानेही हीच वाट धरली: पुस्तक घरी, भेट अभ्यासकेंद्रावर.

यात एक धागा दिसतो. मजकूर पोहोचवणं हे एक काम आणि माणसं जोडणं हे दुसरं. दुसऱ्या कामासाठी प्रत्येक वेळी वेगळी सोय करावी लागली.

आता आपल्या वसई-विरारकडे या. इथून मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी ही सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती, ती लोकलमध्ये होती. विरार ते चर्चगेट साधारण ६० किलोमीटर. एवढ्या प्रवासात नोट्सची देवाणघेवाण, व्हायव्हाची धास्ती, जर्नल पूर्ण करायची घाई, सगळं व्हायचं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली. लेक्चर मोबाईलवर आलं, पण डब्यातली ती जागा आली नाही. वेळापत्रकात तिचा तास कधी नव्हताच, मग ती हलवणार कोण?

कॅमेरा सुरू ठेवला की प्रश्न सुटेल, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण २००० साली गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी कॅनडात 'चौकस समुदाया'ची चौकट मांडली, ती नुसत्या लेखी ऑनलाइन चर्चांच्या आधारावर. कॅमेरा नव्हताच. सामाजिक, बौद्धिक आणि अध्यापकीय अशा तीन उपस्थिती त्यांनी सांगितल्या. म्हणजे चेहरा दिसणं आणि माणूस 'असणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. एका खोलीत घरचे सगळे बसलेले असताना कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी वर्गात नव्हती, असं कसं म्हणायचं?

म्हणून प्रश्नावली बनवताना हजेरी, कॅमेरा आणि आपलेपणा हे एकाच चलात कोंबू नका. शिवाय एक प्रश्न नक्की विचारा: 'अडलं तर वर्गातल्या कुणाला, कुठल्या मार्गाने विचारायचात?' वर्गाबाहेरचं जे जाळं वेळापत्रकात दिसत नाही, ते या उत्तरांतून सापडायला लागेल.