एका बसची मागणी : समर्टनचे स्कूल डिस्ट्रिक्ट नंबर २२

आपल्या कार्यकर्त्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा हक्क दिला. गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने हेच वाक्य उच्चारले आणि पुढे म्हणाला, "आपल्यालाही तशी एखादी केस टाकता आली पाहिजे." त्याच्या भावनेशी आमचे भांडण नाही. परंतु त्याच्या वाक्यातील 'दिला' या क्रियापदावर आमचा आक्षेप आहे. तो का आहे, हे सांगण्यासाठी साउथ कॅरोलिना राज्यातील समर्टन नावाच्या एका खेड्यावजा गावाचा इतिहास मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी एक शब्द स्पष्ट करू. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. काही गावे आणि वस्त्या मिळून एक शाळाक्षेत्र ठरते. त्याचे स्वतःचे बोर्ड असते, त्या क्षेत्रातील मालमत्तेवर शाळेचा कर बसतो, आणि शिक्षक कोण, शाळा कुठे, बस कोणाला, हे सारे ते बोर्ड ठरवते. कागदावर ही मोठी लोकशाही व्यवस्था दिसते. प्रश्न एवढाच की बोर्डावर कोण बसलेला आहे.

गुलामगिरीच्या काळात या राज्यात कृष्णवर्णीयांनी अक्षर शिकणे हाच गुन्हा होता. गुलामांना लिहायला शिकवण्यावर १७४० च्या कायद्याने बंदी आली, आणि १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवण्यावरही आली. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, गुलाम असेल तर पन्नासपर्यंत फटके. मनुस्मृती वाचलेल्या माणसाला यात काही नवे वाटणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोऱ्या गरिबांसाठीसुद्धा त्या राज्यात धड सार्वजनिक शाळा नव्हत्या. मळेवाल्यांची मुले खासगी शिक्षकांकडे शिकत, आणि इतरांच्या मुलांची पर्वा करण्याचे मळेवाल्यांना कारण नव्हते.

मग तिथे सार्वजनिक शाळा आणली कोणी? यादवी युद्ध संपल्यानंतर १८६८ साली चार्ल्स्टनमध्ये राज्याची घटना लिहिण्यासाठी परिषद भरली. तिच्यातील बहुसंख्य प्रतिनिधी कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतले अनेक तीनचार वर्षांपूर्वीपर्यंत कोणाच्या तरी मालकीचे होते. त्यांत रॉबर्ट स्मॉल्स होते. १८६२ साली दक्षिणेच्या सैन्याचे 'प्लँटर' नावाचे जहाज बंदरातून पळवून ते आपल्या कुटुंबासह स्वतंत्र झाले होते. स्मॉल्स यांनी सर्वांसाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला. त्या घटनेत तरतूद झाली की सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळा वंश किंवा रंग न पाहता सर्व मुलांना खुल्या राहतील. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी १९३५ सालच्या 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथात हाच मुद्दा सप्रमाण मांडला : दक्षिणेत सर्वांसाठी सार्वजनिक शिक्षण ही कल्पनाच मुळात कृष्णवर्णीयांची. याच ड्यू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

तर ज्या समाजाला पुढे शाळेच्या दारात उभे केले गेले नाही, ती शाळा त्या समाजाच्याच प्रतिनिधींनी घटनेत लिहून आणलेली होती. म्हणूनच 'दिला' हे क्रियापद आम्हाला खटकते.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला परिचित आहे. १८७६-७७ मध्ये बंदुका आणि फसवणूक यांच्या जोरावर गोऱ्या मळेवाल्यांनी सत्ता परत घेतली. १८९५ साली नवी घटना लिहिली गेली. तिच्यामागचा मुख्य माणूस बेन टिलमन याने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे हा आपला उद्देश लपवूनही ठेवला नव्हता. त्या परिषदेत फक्त सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरले होते, आणि त्यांत पुन्हा रॉबर्ट स्मॉल्स होते. २७ वर्षांपूर्वी जे लिहून घेतले, ते खोडले जाताना पाहणे त्यांच्या वाट्याला आले. नव्या घटनेने गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या केल्या आणि एका वंशाच्या मुलाला दुसऱ्याच्या शाळेत कधीही प्रवेश मिळणार नाही असे बजावले. मत गेले की बोर्ड गेले, आणि बोर्ड गेले की शाळा गेली. हा क्रम आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावा.

आता समर्टनकडे येऊ. हे गाव क्लॅरेंडन कौंटीत आहे. कापसाचा मुलूख. लोकसंख्येत सुमारे ७० टक्के कृष्णवर्णीय, पण जमीन बहुतांशी गोऱ्यांची, आणि तिच्यावर वाट्याने राबणारे कृष्णवर्णीय. १९४९-५० साली या कौंटीत दर गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि दर कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर. कृष्णवर्णीयांच्या ६१ शाळांत ६,५३१ मुले शिकत, आणि त्या सर्व शाळांची मिळून सरकारी किंमत होती १,९४,५७५ डॉलर. गोऱ्यांच्या १२ शाळा, २,३७५ मुले, किंमत ६,७३,८५० डॉलर. भागाकार केला तर एका बाजूला दर मुलामागे सुमारे ३० डॉलरची शाळा आणि दुसऱ्या बाजूला सुमारे २८४ डॉलरची. कृष्णवर्णीयांच्या शाळांत पाण्याचा नळ नाही, आणि शौचालय म्हणजे बाहेर खणलेला खड्डा. गोऱ्यांच्या मुलांसाठी ३० बस होत्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती.

मुले मैलोन्‌मैल चालत. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वीज प्रकल्पासाठी सँटी नदीवर धरण झाले आणि लेक मॅरियनचे पाणी रस्त्यांवर आले. तेव्हा काही मुलांना होडीने वल्हवत शाळेला जावे लागे. धरणाचे पाणी कोणाच्या वाटेवर येते, हे वेगळे सांगायला नको.

लेव्ही पिअर्सन नावाचे स्वतःची जमीन असलेले शेतकरी आणि रेव्हरंड जोसेफ डिलेन हे शिक्षक-धर्मोपदेशक, या दोघांनी बसचा प्रश्न हाती घेतला. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस विकत घेतली. ती सारखी बिघडायची आणि दुरुस्तीचा खर्च पालकांच्याच अंगावर. मग त्यांनी बोर्डाकडे निदान पेट्रोलचे पैसे मागितले. बोर्डाचा अध्यक्ष आर. डब्ल्यू. एलियट हा सॉ मिलचा मालक होता. त्याचे उत्तर असे की कृष्णवर्णीय कर फारसा भरत नाहीत, तेव्हा त्यांच्या मुलांच्या बसचा बोजा गोऱ्या करदात्यांवर टाकणे अन्यायाचे होईल.

मित्रहो, हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे ना? 'आमच्या टॅक्सच्या पैशावर' ही आपल्याकडची ओरड काही वेगळी नाही. जो माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबतो, त्याच्या घामाच्या कापसातूनच मालक कर भरतो. पावतीवर नाव मालकाचे पडते, एवढेच. आणि पिअर्सन तर स्वतःच्या जमिनीचा कर स्वतः भरत होते.

जुलै १९४७ मध्ये पिअर्सन यांनी बससाठी अर्ज केला, आणि मार्च १९४८ मध्ये दावा दाखल केला. दावा ऐकून घेण्याआधीच निकाली निघाला. कारण काय, तर पिअर्सन यांची जमीन शाळाक्षेत्रांच्या सीमेवर होती. कर एका डिस्ट्रिक्टमध्ये भरला जात होता आणि मुले दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधील शाळेत जात होती. सबब, दावा करण्याचा अधिकार नाही! सीमा आखणारे तेच, शाळा कुठे ठेवायची हे ठरवणारे तेच, आणि सीमेचा फायदा घेणारेही तेच. तोवर पिअर्सन यांची उधारी बंद झाली होती. त्यांनी तोडलेले लाकूड गिरणीवाल्याने उचलले नाही, आणि कापणीचे यंत्र कोणी भाड्याने देईना म्हणून पीक शेतातच कुजले.

मार्च १९४९ मध्ये एनएएसीपीचे वकील थर्गुड मार्शल यांनी सांगितले की एका माणसाच्या नावावर आता लढायचे नाही, निदान वीस वादी आणा. हे काम वकिलाचे नव्हते, संघटनेचे होते. डिलेन घरोघरी फिरले. प्रत्येकाला परिणाम माहीत होते, कारण पिअर्सनचे पीक सर्वांनी पाहिले होते. त्याला आठ महिने लागले. नोव्हेंबर १९४९ मध्ये पालक आणि मुले मिळून १०७ जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. आता मागणी फक्त बसची राहिली नव्हती, शाळेच्या सर्वच सोयींत समानता हवी होती. पहिले नाव हॅरी ब्रिग्ज यांचे, आणि सह्याही त्यांच्याच घरी झाल्या. ते नौदलातून युद्ध करून आलेले, आणि गावातल्या पेट्रोल पंपावर कामाला होते. नाताळच्या आदल्या दिवशी मालकाने त्यांना सिगारेटचा एक खोका भेट दिला आणि कामावरून काढून टाकले. त्यांच्या पत्नी एलायझा मोटेलमध्ये साफसफाई करत. त्यांचेही काम गेले. अॅनी गिब्सन यांचे काम गेले आणि त्यांचे कुटुंब राबत असलेल्या जमिनीवरून हुसकले गेले. डिलेन यांची नोकरी गेली, त्यांच्या पत्नीची गेली, बहिणींची गेली.

आपल्याकडे १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या त्या अहवालात हेच नोंदवलेले आहे : अस्पृश्याने हक्क बजावला की वाण्याचे दुकान बंद, मजुरी बंद, वाट बंद. समर्टनमध्ये त्याला बहिष्कार म्हणत नसतील, पण हत्यार तेच होते. आणि दोन्हीकडे त्याची धार एकाच ठिकाणाहून येत होती : जमीन आणि रोजगार दुसऱ्याच्या हाती असणे. डिलेन धर्मोपदेशक होते, हा योगायोग नव्हता. त्यांना गोऱ्या बोर्डाने नोकरीवरून काढले, तरी व्यासपीठ काढून घेता आले नाही, कारण चर्च कृष्णवर्णीयांच्या पैशावर उभे होते. कौंटीचा शाळाप्रमुख मॅकॉर्ड हाही धर्मोपदेशकच होता, पण गोऱ्यांच्या चर्चचा. एकच बायबल दोघांच्या हातात होते!

खटला 'ब्रिग्ज विरुद्ध एलियट' या नावाने उभा राहिला. न्यायाधीश वेटीज वॉरिंग यांनी मार्शल यांना सुचवले की समान सोयी मागू नका, वेगळेपणालाच आव्हान द्या. मे १९५१ मध्ये चार्ल्स्टनला सुनावणी झाली. राज्याच्या वकिलाने सुरुवातीलाच कबूल केले की शाळा असमान आहेत, आम्हाला सुधारायला वेळ द्या. केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने क्लॅरेंडनमधील सहा ते नऊ वर्षांच्या सोळा कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. अकरा मुलांनी सावळी बाहुली 'वाईट' ठरवली. दोन विरुद्ध एक मताने निकाल विरोधात गेला. एकट्या वॉरिंग यांनी भिन्न मत नोंदवले की वेगळे ठेवणे हीच मुळात असमानता आहे. तीन वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केले. समर्टनचा खटला न्यायालयात आधी पोहोचला होता, पण निकालाला नाव पडले कॅन्ससच्या ब्राऊन यांचे.

दरम्यान राज्य सरकार गप्प बसले नव्हते. १९५१ मध्येच गव्हर्नर बर्न्स यांनी ३ टक्के विक्रीकर बसवून कृष्णवर्णीयांसाठी नव्या शाळा बांधायला काढल्या, म्हणजे वेगळेपणा टिकावा. ज्यांच्यासाठी एका बसचे पैसे नव्हते, त्यांच्यासाठी एकदम लाखो डॉलर निघाले. राज्यातील हजाराहून अधिक डिस्ट्रिक्ट एकत्र करून शंभरेक केले गेले. डिस्ट्रिक्ट नंबर २२ त्यातच संपले. १९५२ साली तर मतदारांनी सार्वजनिक शाळा चालवण्याचे बंधनच राज्यघटनेतून काढायला कौल दिला. १८६८ साली ज्या कलमाने शाळा आली, ते कलमच नको, पण कृष्णवर्णीय मूल शेजारी नको.

ऑक्टोबर १९५१ मध्ये डिलेन यांचे समर्टनमधील घर जळाले. आगीचा बंब आला आणि उभा राहिला. घर गावाच्या हद्दीबाहेर आहे, असे सांगण्यात आले. पुन्हा सीमा. १९५५ मध्ये लेक सिटी येथील त्यांचे चर्च जाळले गेले, घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनी उलट गोळी झाडली आणि राज्य सोडले. त्यांच्यावरचा खटला मागे घेतला गेला २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी.

येथे आपल्या काही मित्रांचे मत आम्हाला तपासायचे आहे. शाळा स्थानिक लोकांच्या हाती द्या म्हणजे ती सुधारेल, असे ते म्हणतात. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी नेमकी उलटी मागणी केली होती. प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवले नाही तर अस्पृश्यांचे शिक्षण मागे जाईल, असे त्यांनी बजावले. कारण 'स्थानिक' म्हणजे गाव, आणि गाव कोणाचे हे त्यांना ठाऊक होते. आज शाळा व्यवस्थापन समितीत आपला माणूस आहे का, आणि असला तर तो कोणाच्या शेतावर कामाला जातो, हे विचारल्याशिवाय विकेंद्रीकरणाची स्तुती करण्यात अर्थ नाही.

समर्टनमध्ये कृष्णवर्णीय मुले गोऱ्यांच्या शाळेत गेली ती १९६५ साली, निकालानंतर अकरा वर्षांनी. त्याच वर्षी गोऱ्यांनी आपली खासगी शाळा काढली आणि हळूहळू जवळजवळ सर्व गोरी मुले तिकडे गेली. हॅरी ब्रिग्ज यांना गावात काम मिळेना, म्हणून ते आधीच फ्लोरिडाला गेले होते आणि तिथून घरी पैसे पाठवत होते. ज्या गोऱ्यांच्या हायस्कूलसाठी एवढे सारे झाले, त्या विटांच्या इमारतीत पुढे डिस्ट्रिक्टचे कार्यालय आले.