पायडल आणि मोकळें पाऊल



जुन्नरहून पश्चिमेस घाटघरकडे जाणारा रस्ता चावंड किल्ल्याच्या बाजूनें जीवधनाजवळ येतो आणि नाणेघाटाच्या तोंडाशीं संपतो. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतील बंदरांवर उतरलेला माल याच घाटानें देशावर चढत असे. घाटांतील गुहेंत राणी नागनिकेचा लेख असून यज्ञप्रसंगीं दिलेल्या दानांचे आंकडे त्यांत कोरलेले आहेत. तो सारा व्यापार बैलांच्या आणि माणसांच्या पावलांवर चालला. हल्लीं मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सायकलीच्या नळ्यांना पिशव्या बांधून पुण्या-मुंबईचीं तरुण मंडळी या रस्त्यानें येतांना दिसतात. निघण्यापूर्वीं त्यांच्या घरीं ज्या खर्चांची चर्चा होते त्यांत एक प्रश्न फार किरकोळ वाटतो. पायडल कोणतें लावावें? बुटाला पकडून ठेवणारें, कीं साधें सपाट? या किरकोळ प्रश्नामागें दीडशें वर्षांचा वाद उभा आहे, आणि तो ठाऊक असला म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते असें मला वाटतें.

आधीं शब्दाविषयीं थोडें. 'पेडल' हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेंतील पाय या अर्थाच्या शब्दावरून आला. तो लॅटिन शब्द आणि आपला संस्कृत 'पद' हे एकाच कुळांतले. मराठी माणसानें त्याचें 'पायडल' केलें तेव्हां त्याला ही वंशावळ माहीत असण्याचें कांहीं कारण नव्हतें. पण त्याचा कान बरोबर होता.

पहिल्या दुचाकीला पायडल नव्हतेंच. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें जी लांकडी गाडी चालविली, तिच्यावर बसलेला मनुष्य जमिनीला पायांनीं रेटा देत पुढें जाई. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें पुढल्या चाकाच्या आंसालाच पायडलें बसविलेल्या गाड्या निघाल्या. पिएर मिशो याच्या कारखान्याचें नांव त्यांमुळें गाजलें, आणि पिएर लालमां यानें १८६६ सालीं अमेरिकेंत अशा गाडीचें पेटंट मिळविलें. श्रेय कोणाचें यावर अभ्यासकांचे आजही दोन पक्ष आहेत. पायाचा जमिनीशीं संबंध तुटला तो येथें. मग अधिक वेगासाठीं पुढचें चाक वाढत वाढत छातीएवढें झालें आणि स्वार इतक्या उंचावर जाऊन बसला कीं, चाक दगडाला अडलें तर तो डोक्यावर आपटे. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें 'रोव्हर' सायकल बाजारांत आणली. दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, आणि पायडलांचें बळ सांखळीनें मागच्या चाकास. या सायकलीस लोकांनीं 'सुरक्षित' हें नांव दिलें. सुरक्षितपणा कशांत होता? स्वार खालीं आला, आणि पडतांना पाय टेकवूं शकूं लागला. १८८८ सालीं डनलॉपचें हवेचें टायर आलें आणि आजची सायकल बहुतेक तयार झाली.

पण शर्यतवाल्यांना मोकळा पाय मानवला नाहीं. धक्क्यानें पाऊल निसटूं नये म्हणून त्यांनीं पायडलापुढें पोलादी कमान बसविली व तिच्यांतून चामड्याची पट्टी ओढून पाऊल आंवळलें. हीच टो-क्लिप. पुढें १९७१ सालीं इटलींतील चिनेली कंपनीनें बुटाचा तळ थेट पायडलांत अडकविण्याची युक्ति काढली. तींत पाय सोडविण्यासाठीं हातानें खटका ओढावा लागे! १९८४ सालीं फ्रान्समधील लूक कंपनीनें बर्फावरील घसरपट्ट्यांच्या बांधणीवरून टांच फिरवितांच सुटणारें पायडल केलें. १९८५ सालची फ्रान्सची मोठी शर्यत बर्नार इनो यानें त्यावर जिंकल्यापासून शर्यतींत त्याचेंच राज्य झालें. १९९० सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें डोंगरी सायकलींसाठीं लहान खटक्याची आवृत्ति आणली. या पायडलांना इंग्रजींत 'क्लिप नसलेलीं' म्हणतात, कारण जुनी कमान त्यांत नाहीं. मात्र पाय त्यांत पूर्वींपेक्षां अधिक पक्का अडकलेला असतो. नांवावर विसंबून वस्तु घेणारा ग्राहक येथें हटकून चकतो.

शर्यतींचा हा इतिहास सर्वत्र छापला जातो. प्रवासाचा इतिहास निराळा आहे. १८९७ सालीं अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणींतील वीस कृष्णवर्णीय शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखालीं मोंटानांतील फोर्ट मिसूलाहून सेंट लुईपर्यंत सुमारें १,९०० मैल सायकलींवरून गेले. १४ जूनला निघालेले शिपाई २४ जुलैला पोंचले. अंथरूण व तंबूचें कापड सायकलीलाच बांधलेलें. आणि जेथें चिखलानें चाकें धरलीं तेथें उतरून ढकलणें, नाहीं तर रेल्वेच्या रुळांमधून चालणें. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींनीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ च्या मार्चांत परतले; सुमारें ४४,००० मैलांची ती रपेट होती. १९७३ सालीं अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत निघालेल्या एका सायकलप्रवासाचा वृत्तांत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें छापला, त्याच्या मथळ्यांत 'बाइकपॅकिंग' हा शब्द होता. शब्द नवा असला तरी रीत मिसूलाच्या शिपायांचीच. अलास्कांतच १९८७ सालापासून बर्फावरून सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या. आणि तेथें, शर्यत असूनही, बहुतेक लोक सपाट पायडल व सैलसर जाड बूट वापरतात. कारण उघड आहे. तळव्यांत बसविलेला धातूचा खटका पायाची ऊब बाहेर ओढून नेतो, आणि घट्ट बुटांत रक्ताची ये-जा मंदावते. पाय गारठले म्हणजे उतरून मैलभर चालणें हाच तेथें खात्रीचा उपाय असतो.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. जुन्नर-आंबेगांवांत बर्फ पडत नाहीं, हें खरें. परंतु कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत हिंवाळ्यांतील पहांट धुक्याची व दंवाची असते, आणि दुपारीं ऊन चटके देतें. एकाच दिवसांत दोन ऋतु. सकाळीं लोकरीचे मोजे व बूट, दुपारीं वहाणा, असा बदल सपाट पायडलावरच शक्य आहे. दुसरें असें कीं, या तालुक्यांत सायकलीनें येणारा मनुष्य अर्धा दिवस पायींच असतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेंच्या आसपास; शिवनेरीस सात दरवाजे ओलांडून वर जावें लागतें; जुन्नरभोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत आणि सायकल त्यांपैकीं एकाच्याही दारापर्यंत पोंचत नाहीं. नाणेघाटाची फरसबंदी वाट तर खालीं उतरावयाची ती पायींच. तळव्याला लोखंडी तुकडा असलेला बूट घालून शेंकडों वर्षांच्या झिजलेल्या दगडावर चालणारा मनुष्य मीं पाहिला आहे. बर्फावर चालणाऱ्या बैलाची त्याला उपमा द्यावीशी वाटली.

पाय अडकलेला मनुष्य वेगांत क्वचितच पडतो. तो पडतो थांबतांना. डिंभे धरणाच्या जलाशयाच्या बाजूनें आहुप्याकडे जातांना मीं हें शिकलों. हें धरण घोड नदीवर आहे आणि ज्या आंबेगांवाचें नांव तालुक्यास मिळालें तें जुनें गांव त्याच पाण्याखालीं गेलें; त्याचाच विचार करीत मी चाललों होतों. टो-क्लिपच्या पट्ट्या मीं स्वतःच आंवळल्या होत्या. वळणावर म्हशींचा कळप आला, मी थांबलों, पाऊल निघेना, आणि सायकलीसह जागच्या जागीं आडवा झालों. कोपर सोललें. गुराख्याच्या पोरानें मला हात देऊन उठविलें आणि अगदीं निर्मळपणें विचारलें, "काका, पाय कशाला बांधून घेतला?" अधिक बळ मिळतें म्हणून, असें उत्तर मीं दिलें. तें उत्तरही फारसें खरें नाहीं. बांधलेल्या पायानें पायडल वर ओढतां येतें हें खरें. पण नेहमींच्या चालीच्या सायकलस्वाराचें बहुतेक बळ खालीं दाबण्यांतच असतें, आणि ओढण्याच्या खटाटोपांत दम मात्र अधिक जातो. शर्यतींतील अखेरच्या धांवेची गोष्ट वेगळी. ती धांव आहुप्याच्या चढावर कोणीही घेत नाहीं.

मग सपाट पायडल कोणतें? आपल्या पोस्टमनच्या आणि दूधवाल्याच्या काळ्या सायकलीवर रबरी ठोकळ्यांचें पायडल असे. त्यास हिणविण्याची रीत पडली आहे, पण ज्या देशांत लोक वहाणांनीं वा अनवाणी सायकल चालवीत तेथें तें अगदीं योग्य होतें. विलायती दातेरी लोखंडी पायडलानें वहाणेचा तळ कातरला असता. रबराचा दोष एकच, तें ओलें झालें कीं गुळगुळीत होतें, आणि दंवाच्या सकाळीं तें ओलेंच असतें. म्हणून घाटवाटांसाठीं आजकालचें रुंद पायडल घ्यावें, सुमारें १०० मिलिमीटर लांब-रुंद, दोन्ही बाजूंनीं सारखें व मध्यें किंचित् खोलगट, म्हणजे पाऊल आपोआप बसतें. त्यावर लहान पोलादी खिळे असतात, ते रबरी तळव्यांत रुततात. फार लांब खिळे घेऊं नयेत. पाऊल घसरलें तर नडगीचें सालपट निघतें. अंग नायलॉनचें असावें कीं ॲल्युमिनियमचें? थंडीच्या दृष्टीनें नायलॉन बरें, कारण तें ऊब कमी ओढतें, शिवाय स्वस्त आहे. दगडावर रोजच आपटणार असेल तर धातूचें घ्यावें. छर्रे बंदिस्त असावेत, आणि उघडे असतील तर पावसाळा संपल्यावर ग्रीस बदलल्याशिवाय निघूं नये. बूट मात्र नवा घेण्याची गरज नाहीं. सपाट आणि मऊ रबरी तळाचा कोणताही जुना बूट चालतो, फक्त जाड मोजा घालून बोटें हलतील इतका सैल हवा. घरच्यांना ही बातमी विशेष आवडेल.

जुन्या पायडलांच्या कडेला पिंवळे चमकते तुकडे असत. नव्या महागड्या पायडलांतून ते गेले, आणि ही मला सुधारणा वाटत नाहीं. वरखालीं हलणारा तो उजेड मागच्या मोटारवाल्याला स्थिर दिव्यापेक्षां लवकर दिसतो, आणि धुक्यांत त्याचें मोल अधिकच. तरीही अंधारांत निघूं नये, असाच माझा सल्ला आहे. नारायणगांव-जुन्नरच्या उंसांत बिबट्याचा वावर असतो. माणिकडोहाचें बिबट निवारा केंद्र कांहीं उगीच उभें राहिलेलें नाहीं. सूर्य वर आल्यावर निघावें.

शेवटीं बदलण्याची कृति, कारण तींत आटे खराब झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ. उजव्या पायडलाचे आटे नेहमींसारखे असतात, डाव्याचे उलटे. चालतांना पायडल सैल होऊन गळूं नये म्हणून जुन्या कारागिरांनीं ही सोय केली. म्हणून पंधराचा पाना लावून डावें पायडल काढावयाचें तर घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवावें, आणि नवें बसवितांना आट्यांस ग्रीस लावून, पहिले दोन-तीन फेरे हातानेंच, उलट दिशेनें.