शब्बाथ: थांबणे आणि सुटणे

मराठी बायबलात 'शब्बाथ' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे, ते फार बरे झाले. 'विश्रांती' म्हटले की तिच्यात 'श्रम' आधीच येऊन बसलेला असतो. हिब्रूतल्या 'श-ब-त' या धातूचा अर्थ मात्र नुसता थांबणे, बंद होणे. कनानचे पीक इस्राएलांच्या हाती आल्यावर, रानात त्यांना आकाशातून मिळणारा मान्ना पडायचा बंद झाला, असे यहोशवाच्या पुस्तकात सांगितले आहे, तिथे हेच क्रियापद येते. आजच्या हिब्रूत कामगारांच्या संपाला 'श्विता' म्हणतात, तोही याच धातूचा. तेव्हा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला देव दमून टेकलेला नाही. काम पुरे झाले, म्हणून तो थांबला.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायली यहुदी शनिवारी, म्हणजे शब्बाथाला, घाणा बंद ठेवत. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. धंदा तेलाचा, पण ओळख पडली ती न केलेल्या कामावरून!

माणसाने का थांबायचे, याची कारणे मात्र दोन दिली आहेत. निर्गम २० म्हणते, देवाने सृष्टी घडवून सातवा दिवस पवित्र केला म्हणून. अनुवाद ५ म्हणते, तूही मिसरात दास होतास, हे आठव म्हणून. तिथे दास-दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, साऱ्यांनाच काम बंद. मला हे दुसरे कारण अधिक मोलाचे वाटते. त्याला शोभेसा शब्द मराठीत आहे: सुट्टी, म्हणजे सुटणे. मालकाने विसावायचे आणि चाकराने राबायचे, याला शब्बाथ म्हणताच येत नाही.

येशूच्या पुनरुत्थानामुळे आठवड्याचा पहिला दिवस, रविवार, ख्रिस्ती लोकांचा 'प्रभूचा दिवस' झाला. सन ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी शहरांतली कामे बंद ठेवण्याचा कायदा केला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती आजही शनिवारच पाळतात. पण इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय वाराच्या पलीकडे जातो. तिथे 'साब्बातिस्मॉस' हा ग्रीक शब्द येतो, नव्या करारात हा एकदाच. देवाच्या लोकांसाठी शब्बाथाचा विसावा अजून राखलेला आहे आणि त्यात जाणारा, देव थांबला तसा, आपल्या कामांपासून थांबतो, असे ते पत्र सांगते. आपल्या पुण्याईवर तारण कमावण्याची धडपड सोडून कृपेवर भार टाकणे, असा त्याचा अर्थ अनेक भाष्यकार लावतात.

निर्गम २० आणि अनुवाद ५ एकदा शेजारी ठेवून वाचा, आणि अनुवादातली दास-दासींची ओळ घाईने ओलांडू नका.