फाल्गुन, शके 1587

दिल्ली दरवाजा शोधू नका, पैठण गेटही नाही. शहराला अजून तटच नाही. तो उभा राहायला सोळा वर्षं आहेत. तुम्ही 1666 च्या मार्च महिन्यातल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहात. ओळखीचा आहे तो भडकल दरवाजा. मलिक अंबरने तो 1612 मध्ये बांधला, आणि त्याच्याच नहरीचं पाणी हौदात पडतंय. उत्तरेकडे बीबी का मकबरा, पुरा होऊन पाच-सहाच वर्षं झालेला. गिलाव्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात.

थंडी सरत आलीय. पहाटे घोंगडी ओढून घ्यावीशी वाटते, दुपारी अंगरखाही नकोसा होतो. रानात पळस पेटलाय, ज्वारी खळ्यावर आलीय.

घरी मामा आलेत, बुऱ्हाणपूरहून. तिथल्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनी करतात, मालाच्या तांड्याबरोबर दर हिवाळ्यात आग्र्याला जाऊन येतात. गूळ-पाणी घेऊन ते ओसरीवर टेकलेत. सोबत आणलेली जाड दुलई अजून वळकटीतच आहे, इथे तिचं काम नाही.

"तिकडची थंडी म्हणजे काय सांगू बाळा," ते म्हणतात, "माघात पहाटे धुकं असं उतरतं की पुढच्या बैलाच्या घंटेवर गाडी हाकायची. बैल दिसतच नाही. यमुनेत हात बुडवला तर बोटं आपली राहत नाहीत."

वाट त्यांना तोंडपाठ आहे. अजिंठ्याचा घाट उतरायचा, तापी ओलांडून बुऱ्हाणपूर, मग असीरगड, हंडियाला नर्मदा, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, चंबळ आणि मग आग्रा. अजिंठ्याच्या घाटाचं नाव निघताच तुमच्या तोंडाशी येतं, तिथे जवळच्या दरीत लेणी आहेत म्हणून. गिळून टाका. वाघूरच्या काठची ती चित्रं जगासमोर यायला 1819 उजाडेल.

बाहेर गलका होतो. सगळी गल्ली धावत सुटलीय. शिवाजी महाराज येताहेत! फाल्गुन शुद्ध नवमीला, 5 मार्चला, त्यांनी राजगड सोडला. होळी वाटेतच झाली. पुरंदरच्या तहाला वर्षही झालेलं नाही आणि बादशहाच्या भेटीसाठी ते आग्र्याला निघालेत. मामा पागोटं सावरत तुमच्या पुढे धावतात. साठीच्या माणसाला एवढं पळताना तुम्ही कधी पाहिलं नसेल.

रस्त्याच्या दुतर्फा माणूसच माणूस. घोड्यांचा ठाशीव सरंजाम, झुलीवरची जर, आणि त्यावर सगळ्या वाटेची धूळ. पण स्वागताला शहराचा अधिकारी सफशिकन खान आलेला नाही. मराठा जमीनदाराला सामोरं काय जायचं, म्हणून तो आपल्या दिवाणखान्यात बसून राहिलाय आणि पुतण्याला पाठवलंय. महाराजांनी भेटीला आपल्याकडे यावं, असा त्याचा निरोप आहे. घोडी क्षणभर थांबतात. मग महाराज खानाकडे वळतच नाहीत. ते सरळ पुढे जातात, उतरायला नेमलेल्या मिर्झाराजे जयसिंहांच्या वाड्याकडे. शेवटी त्याच दिवशी खानालाच तिथवर यावं लागतं. या शहरातच वाढलेल्या भीमसेन सक्सेनाने पुढे ही हकिकत आपल्या फारसी ग्रंथात लिहून ठेवली. तो आत्ता सोळा-सतरा वर्षांचा आहे. मानाची ही लढाई दोन महिन्यांनी आग्र्याच्या दरबारात पुन्हा होणार आहे, आणि मला वाटतं तिची पहिली चकमक तुम्ही इथे पाहिलीत.

आता नजर जरा खाली आणा. तिकडे बघा. लगाम धरलेले दोन लहान हात, धुळीने पांढरे झालेले. शंभूराजे. नववं वर्ष अजून पुरं व्हायचंय. ते दोन वर्षांचे असतानाच आई गेल्या. गेल्या वर्षी तहासाठी ओलीस म्हणून मिर्झाराजांच्या छावणीत जाऊन आले. पाचहजारी मनसब त्यांच्या नावावर आहे आणि पाय जेमतेम रिकिबीला पोचताहेत. आपण त्यांचं नाव रोज पत्त्यात लिहितो, पाट्यांवर वाचतो, त्यावरून हिरीरीने भांडतोही. पण हे मूल एकदा याच रस्त्याने गेलं, हे कितीदा आठवतो?

मामांना तुमच्यासारखं पुढचं काही ठाऊक नाही. त्यांना दिसतं ते एवढंच.

"एवढं पोर? आणि एवढ्या लांब?" ते पुटपुटतात. "थंडी तर चुकली म्हणा. पण पोचेपर्यंत वैशाख लागेल. तिकडची लू वाईट."

संध्याकाळी नहरीच्या हौदावर एक मावळा घोड्याला पाणी पाजत असतो. मामा त्याच्याजवळ जातात. कोण, कुठले, काही विचारत नाहीत.

"धाकल्या राजांच्या डोक्याला दुपारी ओला पंचा बांधा. आणि खिशात कांदा ठेवा म्हणावं."

मावळा मान वर करतो. थकलेला आहे, पण हसतो. "सांगतो, बाबा."

तुम्हाला बरंच काही सांगावंसं वाटतंय. आग्र्याचा दरबार, हवेलीभोवतीचे पहारे, निसटणं, मथुरेत मागे राहिलेलं मूल. त्यातलं एक अक्षरही उच्चारता येत नाही. तुम्ही घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहता.

काही दिवसांनी, खर्चासाठी दक्षिणेच्या खजिन्यातून मंजूर झालेला एक लाख रुपया घेऊन, मंडळी उत्तरेची वाट धरतात.

याच मुलाला पुढे औरंगजेबाने मारलं, तेव्हाही फाल्गुनच होता: वद्य अमावस्या, शके 1610, 11 मार्च 1689. शंभूराजे एकतीस वर्षांचे होते.