मैलापाण्याच्या फायलीत काय असते

सांडपाणी व्यवस्थापन म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर टाक्या, जीवाणू आणि रसायने येतात. तीही या पुस्तकात आहेत. पण या विषयात नव्याने येणाऱ्याने आधी महापालिकेच्या फायली वाचाव्यात, असे माझे मत आहे. प्रक्रिया कोणती, हा प्रश्न तिथे लवकर उरकतो. जागा कोणाची, वीजबिल कोण भरणार आणि शुद्ध झालेले पाणी घेणार कोण, यावरच पानेच्या पाने भरलेली असतात.

नागपूरचेच घ्या. पेंचचे पाणी शहर पिते, शेतीही त्यावरच चालते आणि कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रालाही पाणी हवेच. ओढाताण ठरलेली. त्यातून भांडेवाडीत रोज 130 दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र उभे राहिले. महापालिकेने मैलापाणी पुरवायचे. ते शुद्ध करून वापरायचे कोराडीचे केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीने, आणि वर त्याचे पैसेही मोजायचे. ज्या पाण्यावर एरवी नुसता खर्च, त्याला गिऱ्हाईक मिळाले! माझ्या मते या प्रकल्पाची खरी हुशारी टाक्यांत नाही, करारात आहे. पुढे 2016 च्या वीजदर धोरणाने 50 किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले.

गिऱ्हाईक नसले की काय होते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाच्या शहरी भागात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. उभारलेली क्षमता 31,841, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते 20,236 दशलक्ष लिटरवर. पहिली तफावत पैशाची म्हणता येईल, दुसरी मात्र तशी सहज सुटत नाही. केंद्र तयार असते, पण घरांची जोडणी झालेली नसते; मैलापाणी जुन्या सवयीने नाल्यातूनच वाहते. उद्घाटनाची फीत केंद्रावर कापता येते, गल्लीतल्या ड्रेनेजवर नाही. शिवाय बांधकामाला अनुदान मिळते, चालवण्याचा खर्च मात्र दरमहा स्वतःच्या तिजोरीतून. जीवाणूंना हवा पुरवणारे ब्लोअर बरेचदा केंद्राची निम्मी वीज खातात. बिल डोईजड झाले की आधी हात जातो त्यांच्याच बटणाकडे.

मुंबईचा हिशेब वेगळा. तिथे समुद्र हाताशी होता, म्हणून वरळी आणि वांद्र्याहून जुजबी प्रक्रिया केलेले पाणी लांब नळांतून खोल समुद्रात सोडणे स्वस्त पडले. निकष कडक झाल्यावर तो हिशेब फिरला, आणि आता एकूण 2,464 दशलक्ष लिटरची सात केंद्रे बांधली जात आहेत.

नागपूरच्या करारालाही एक बाजू आहे, जी त्याचे कौतुक करताना मीही सहसा सांगत नाही. उन्हाळ्यात नाग नदीत वाहते ते बहुतांशी शहराचेच पाणी. ते वीजकेंद्राकडे वळवले की खालच्या गावांच्या वाट्याला घाण कमी येते, तसा प्रवाहही कमी येतो. करारावर सह्या दोघांच्या. खालच्या गावांना त्यात जागा कशी द्यायची, याची घडी अजून बसलेली नाही. नव्या अभ्यासकांना इथे भरपूर काम आहे. त्यांनी सुरुवात जवळच्या केंद्रावरून करावी. सकाळी आठच्या सुमारास, शहराच्या आंघोळी आटोपत असताना, आवक जाळीपाशी उभे राहावे. चिंध्या, पिशव्या आणि निर्माल्य वर येताना पाहावे, आणि मग ऑपरेटरकडे आधी विजेचे बिल मागावे.