वंशवृक्षातून गुन्हेगारापर्यंत

गुन्हा घडतो, पंचनामा होतो, पुरावे गोळा केले जातात, संशयितांची चौकशी होते आणि तरीही गुन्हेगार हाती लागत नाही. वर्षे लोटतात, तपास अधिकारी निवृत्त होतात आणि प्रकरणाचे कागद बासनात गुंडाळले जातात. अमेरिकेत अशा शेकडो जुन्या प्रकरणांचा छडा गेल्या काही वर्षांत लागला, तो गुन्हेगाराच्या एखाद्या दूरच्या नातलगाने हौसेपोटी करून घेतलेल्या डीएनए चाचणीच्या आधारे. ‘जनुकीय वंशावळशास्त्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तंत्राने तपास यंत्रणांच्या हाती कमालीचे प्रभावी साधन दिले आहे. मात्र चाचणी करणाऱ्या एका व्यक्तीबरोबर, चाचणी न केलेल्या कितीतरी आप्तांची माहितीही त्यातून उघडी पडते. त्यांची संमती कोणी आणि कशी घ्यायची, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

चार दशकांनंतर अटक

या तंत्राकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका प्रकरणामुळे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८६ पर्यंत या राज्यात एका अज्ञात इसमाने दहशत माजवली होती. प्रारंभी घरफोड्या, मग सॅक्रामेंटो परिसरात बलात्कारांची मालिका आणि पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात खून, असा त्याच्या गुन्ह्यांचा प्रवास होता. किमान १३ खून आणि सुमारे ५० बलात्कार त्याच्या नावावर जमा होते. उत्तरेतील बलात्कारी आणि दक्षिणेतील खुनी हे दोघे नसून एकच असल्याचे २००१ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध केले. पुढे त्याला ‘गोल्डन स्टेट किलर’ हे नाव पडले. परंतु त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. गुन्हेगारांच्या सरकारी डीएनए माहितीसाठ्यात त्याचा नमुना नसल्याने तेथे कितीही वेळा शोध घेतला तरी पदरी निराशाच येत होती.

अखेर तपास अधिकारी पॉल होल्स आणि वंशावळतज्ज्ञ बार्बरा रे-व्हेंटर यांच्या पथकाने निराळी वाट धरली. एका जुन्या दुहेरी खुनाच्या प्रकरणातील जपून ठेवलेल्या नमुन्यापासून नव्याने जनुकीय आराखडा तयार करण्यात आला आणि तो ‘जेडमॅच’ या संकेतस्थळावर टाकण्यात आला. कर्टिस रॉजर्स व जॉन ओल्सन यांनी २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ आपले पूर्वज व हरवलेले नातलग शोधणाऱ्या हौशी मंडळींसाठी होते. तेथे गुन्हेगार सापडला नाही, परंतु त्याचे दूरचे भाऊबंद सापडले. त्यांचे समान पूर्वज एकोणिसाव्या शतकातील होते. त्या पूर्वजांपासून खाली उतरत जनगणनेच्या नोंदी, वृत्तपत्रांतील मृत्युवार्ता आणि विवाहनोंदी यांच्या साह्याने वंशवृक्ष उभारले गेले. वय, वास्तव्य आणि वर्णन यांच्या चाळणीतून जी मोजकी नावे उरली, त्यांत जोसेफ जेम्स डिअँजेलो हे नाव होते.

डिअँजेलो हा एके काळी स्वतःच पोलिस अधिकारी होता. दुकानातून हातोडी व कुत्र्यांना पळवून लावणारे औषध चोरल्याच्या प्रकरणात १९७९ मध्ये त्याला सेवेतून काढून टाकण्यात आले होते. पोलिसांनी त्याच्या मोटारीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यात टाकलेला कागदी रुमाल यांवरून गुपचूप नमुने मिळवले. ते जुळल्यावर २४ एप्रिल २०१८ रोजी त्याला अटक झाली. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. जून २०२० मध्ये त्याने गुन्ह्यांची कबुली दिली आणि ऑगस्टमध्ये त्याला आजन्म कारावासाची शिक्षा ठोठावण्यात आली.

तंत्र कसे चालते?

पोलिसांची नेहमीची डीएनए चाचणी आणि हे तंत्र यांत मूलभूत फरक आहे. अमेरिकेच्या सरकारी माहितीसाठ्यात २०१७ पासून डीएनएमधील २० ठिकाणांची नोंद घेतली जाते. दोन नमुने एकाच व्यक्तीचे आहेत की नाहीत, हे ठरवण्यास त्या पुरेशा असतात. आईवडील, मुले किंवा सख्खी भावंडे यांच्यापलीकडचे नाते मात्र त्यांतून सहसा उमगत नाही. वंशावळीसाठीच्या चाचणीत जनुकीय साखळीतील लाखो ठिकाणे वाचली जातात. दोन व्यक्तींच्या गुणसूत्रांचे किती आणि किती लांबीचे तुकडे समान आहेत, हे पाहून त्यांच्यातील नाते कितव्या पिढीचे असावे याचा अंदाज बांधता येतो.

सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा वारसा समान असतो. एकाच आजोबांची नातवंडे असलेल्या चुलत, मामे, आते वा मावस भावंडांत हे प्रमाण सरासरी साडेबारा टक्के असते. पणजोबा समान असतील तर ते तीन टक्क्यांच्या आसपास येते आणि खापरपणजोबा समान असतील तर एक टक्क्याच्याही खाली जाते. तरीही तेवढा अंश माग काढण्यास बहुधा पुरतो. प्रयोगशाळेचे काम येथे संपते आणि पुढचे काम जुन्या दप्तरांत चालते. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पिढ्यान्पिढ्यांची नावे शोधतात, त्याच चिकाटीचे हे काम असते. त्यातून जे हाती येते तो केवळ सुगावा. संशयिताचा नमुना थेट घेऊन नेहमीच्या चाचणीने तो पडताळल्याखेरीज त्याला पुराव्याचे मोल येत नाही.

न्यायाचे पारडे

या तंत्राचे यश नाकारता येणार नाही. स्वीडनमधील लिनशॉपिंग शहरात ऑक्टोबर २००४ मध्ये आठ वर्षांचा एक मुलगा आणि त्याला वाचवू पाहणारी ५६ वर्षांची महिला यांचा रस्त्यावर भोसकून खून झाला. पोलिसांनी सहा हजारांहून अधिक पुरुषांचे डीएनए नमुने तपासले, पण हाती काही लागले नाही. जून २०२० मध्ये वंशावळीच्या मार्गाने शोध दोन भावांपर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी एकाने गुन्हा कबूल केला. युरोपात या तंत्राने उलगडलेला हा पहिला खून ठरला.

अमेरिकेतील आयडाहो फॉल्स येथील प्रकरण आणखी वेगळे आहे. १९९६ मध्ये झालेल्या एका तरुणीच्या खुनासाठी एका निरपराध माणसाने दोन दशके तुरुंगात काढली होती. २०१९ मध्ये वंशवृक्षाच्या आधारे खरा गुन्हेगार सापडला. त्याने फेकलेल्या सिगारेटच्या थोटकाने त्याची ओळख पक्की केली आणि त्याच वर्षी न्यायालयाने त्या निरपराध माणसावरील खुनाचा डाग पुसला. याशिवाय वर्षानुवर्षे बेवारस म्हणून पुरलेल्या कित्येक मृतदेहांना या तंत्राने त्यांची नावे परत मिळवून दिली आहेत. मुलीचे किंवा भावाचे काय झाले, हे कळावे म्हणून आयुष्यभर वाट पाहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने या उत्तराची किंमत कशातच होणार नाही.

संमती एकाची, माहिती साऱ्या गोताची

चिंता सुरू होते ती येथून पुढे. बँकेच्या खात्याची वा दूरध्वनीची माहिती ज्याची त्याची असते. जनुकीय माहिती मात्र कधीच एकट्याची नसते. यानिव अर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १२ लाख ८० हजार लोकांच्या माहितीचे विश्लेषण होते. युरोपीय वंशाच्या अमेरिकी व्यक्तीचा शोध घेतल्यास सुमारे ६० टक्के वेळा खापरपणजोबा समान असलेला किंवा त्याहून जवळचा नातलग सापडेल, असे त्यातून दिसले. एखाद्या लोकसमूहातील अवघ्या दोन टक्के लोकांची माहिती जमा झाली, तर त्या समूहातील जवळपास प्रत्येकाचा असा नातलग त्यात असेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. उरलेल्या ९८ टक्क्यांनी चाचणी केली काय आणि न केली काय, सारखेच!

निरपराधांना होणारा त्रास ही दुसरी बाजू. गोल्डन स्टेट किलरचा शोध सुरू असताना २०१७ मध्ये ओरेगन राज्यातील शुश्रूषागृहात राहणाऱ्या ७३ वर्षांच्या वृद्धाचा नमुना न्यायालयीन आदेशाने घेण्यात आला. वंशावळीच्या अपुऱ्या धाग्यावरून संशय त्याच्याकडे वळला होता. नमुना जुळला नाही. वंशवृक्ष उभारताना दत्तकविधान, विवाहबाह्य संतती अशी कुटुंबांनी पोटात ठेवलेली गुपितेही तपास पथकासमोर येतात. ज्यांचा गुन्ह्याशी सुतराम संबंध नाही, त्यांच्या घरातील ही गोष्ट असते.

नियमांची ओढाताण

आरंभी या साऱ्याला कायद्याचे बंधन नव्हते. होत्या त्या फक्त कंपन्यांच्या अटी. त्या किती तकलादू असतात हे लवकरच दिसून आले. जेडमॅचच्या अटींनुसार पोलिसांना केवळ खून व लैंगिक अत्याचाराच्या तपासासाठी मुभा होती. युटा राज्यातील एका चर्चमध्ये नोव्हेंबर २०१८ मध्ये वृद्ध महिलेवर झालेल्या हल्ल्याच्या तपासासाठी मात्र अपवाद करण्यात आला. त्यावर टीकेची झोड उठल्यावर मे २०१९ मध्ये, वापरकर्त्याने स्वतःहून होकार दिल्याखेरीज त्याची माहिती पोलिसांना दिसणार नाही, असा नियम झाला. त्याच वर्षी फ्लोरिडातील एका न्यायाधीशाने नकार दिलेल्यांसह संपूर्ण माहितीसाठा धुंडाळण्याची परवानगी पोलिसांना दिली. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे काही तास सर्वांचीच माहिती पोलिसांसाठी खुली झाली. ‘फॅमिली ट्री डीएनए’ ही कंपनी ‘एफबीआय’ला सहकार्य करीत असल्याचे ग्राहकांना कळले ते २०१९ च्या प्रारंभी. डिअँजेलोच्या शोधातही जेडमॅचखेरीज अन्य खासगी कंपन्यांचे साठे वापरले गेल्याचे २०२० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघड केले.

अमेरिकेच्या न्याय खात्याने नोव्हेंबर २०१९ पासून अंतरिम धोरण लागू केले. मुख्यतः खून व लैंगिक गुन्ह्यांपुरताच वापर करावा आणि त्याआधी सरकारी साठ्यात शोध घेऊन झालेला असावा, असे त्याचे स्वरूप होते. मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये त्यापुढे जाऊन कायदाच केला. गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा, न्यायाधीशांची पूर्वपरवानगी, संशयित नसलेल्या नातलगांचा नमुना घेताना सर्वसाधारणपणे त्यांची लेखी संमती आणि काम संपल्यावर नमुने नष्ट करणे, अशा तरतुदी त्यात आहेत. माँटाना राज्यानेही त्याच वर्षी न्यायालयीन आदेश बंधनकारक केला. देशभरासाठी एकसारखा नियम मात्र झालेला नाही.

कंपनी बदलली, तर वचनाचे काय?

पोलिसांना न्यायालयीन आदेशाखेरीज माहिती न देण्याचे धोरण ‘अँसेस्ट्री’ आणि ‘२३अँडमी’ या मोठ्या कंपन्यांनी जाहीर केले होते. परंतु धोका केवळ पोलिसांपासूनच नाही. २०२३ मध्ये २३अँडमीच्या सुमारे १४ हजार खात्यांत चोरट्यांनी शिरकाव केला आणि ‘नातलग शोधा’ या सोयीच्या वाटेने सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती त्यांच्या हाती पडली. बहुसंख्यांची स्वतःची खाती सुरक्षित होती; ते उघडे पडले ते नातलगांमुळे. मार्च २०२५ मध्ये याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटींच्या आसपास ग्राहकांचा जनुकीय वारसा ही कंपनीची विकाऊ मालमत्ता ठरली. कंपनीच्या संस्थापक अॅन वोजिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला तो व्यवसाय घेतला. संकेतशब्द चोरीला गेला तर बदलता येतो. जनुके बदलता येत नाहीत.

भारतातील चित्र

हे माहितीसाठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे असल्याने भारतीयांचा माग त्यांतून सहजी लागत नाही. जातीतल्या जातीत विवाह होणाऱ्या समाजांत दोन व्यक्तींचे पूर्वज अनेक बाजूंनी समान असतात. महाराष्ट्रातील अनेक समाजांत तर मामेबहिणीशी विवाहाची प्रथा आहे. त्यामुळे प्रत्यक्ष नाते दूरचे असूनही जवळचे भासते आणि वंशवृक्षाचा गुंता वाढतो. तरीही न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या पुतण्याने हौसेने चाचणी केली, तर पुण्यातील काकांच्या वारशाचा काही अंश परदेशी साठ्यात जमा होतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डीएनए माहितीपेढ्यांच्या नियमनासाठी लोकसभेत २०१९ मध्ये मांडलेले विधेयक मात्र २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. दुसरीकडे २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण घेण्याची मुभा पोलिसांना दिली असून, या नोंदी ७५ वर्षे जपता येतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्यातही गुन्ह्यांच्या तपासाला अनेक बंधनांतून सूट देण्यात आली आहे. नातलगांच्या जनुकीय माहितीवरून संशयिताचा माग काढण्यावर मर्यादा घालणारी स्पष्ट तरतूद यांपैकी कशातच नाही.

गुन्हेगाराला त्याच्या कृत्याचा जाब विचारला जावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. चाळीस वर्षांनी का होईना, पीडितांना न्यायालयात उभे राहून बोलता आले, हे याच तंत्राचे देणे आहे. मात्र ज्या माहितीवर साऱ्या गोताचा वाटा आहे, ती खुली करण्याचा निर्णय एका नातलगाच्या होकारावर किंवा एखाद्या कंपनीच्या अटींवर सोपवणे रास्त नव्हे. कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणाच्या आदेशाने आणि किती काळ, हे तीन प्रश्न कायद्यानेच सोडवायला हवेत आणि तेही साठे भरण्याआधी. दोन टक्क्यांचा उंबरठा ओलांडला गेल्यावर नकार देण्याची संधी कोणालाच उरणार नाही.